वारुळाचे झरोके

माळावर माणूस फिरकत नव्हता तेव्हाची गोष्ट. तिथं वाळव्यांचं वारूळ होतं आणि धोंडबा त्यांचा मुकादम. तोंडाचा फटकळ, पण पिल्लांवर जीव टाकणारा. एकदा वरच्या झरोक्यातून मुंग्या शिरल्या आणि दोन पिल्लं उचलून घेऊन गेल्या. धोंडबा हादरला. त्यानं सगळे झरोके चिखलानं लिंपून टाकले.

"आता बाहेरच्याचं नाव काढायचं नाही. आपलं सगळं आत आहे!"

तिसऱ्या दिवशी, जिच्यावर सगळे जगायचे ती आतली बुरशीची शेती काळी पडली. पिल्लं धापा टाकू लागली.

दाई सखू कडाडली, "मुकादम, मुंग्यांनी दोन नेली, तुम्ही सगळी घालवाल!"

"मला शिकवतेस व्हय?" धोंडबा खेकसला. तेवढ्यात त्याच्या पायाशी एक पिल्लू निपचित पडलं. मग तो धावत वर गेला आणि स्वतःच्या दातांनी वाळलेला चिखल फोडला. वारा आत शिरला. खाली पिल्लू हललं.

तेव्हापासून धोंडबा झरोक्यातच बसतो. मुंगी आली की कडकडून चावतो. वारा आला की अंग चोरतो आणि म्हणतो, "या, या. पिल्लं खाली आहेत."