बुजलेले बीळ

फार पूर्वी मरुभूमीच्या काठी रोहिवट नगरात राजा धृतवर्मा राज्य करीत होता. तेव्हा बोधिसत्त्व वाळूवरचा माग काढणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. फुरसे कुठून वळवळत गेले, घोरपड कोणत्या झुडपात शिरली, हे तो वाळूकडे नुसते बघून सांगे. तिथले लोक रोज तिन्हीसांजेला बागेतली वाळू झाडून सपाट करीत आणि सकाळी मुलांना बाहेर सोडण्याआधी तिच्यावरचे माग बघून घेत. शंका आली की बोधिसत्त्वाला बोलावणे येई.

सुमुख हा त्याचा एकुलता शिष्य. त्याला त्याने सांड्याची खूणही शिकवली. सांडा म्हणजे काटेरी शेपटीचा, पाला-फुले खाणारा गरीब जीव. "संध्याकाळी आत शिरला की तो आतून वाळूने तोंड बुजवतो. असं बुजलेलं बीळ दिसलं की समज, धनी आत निजलाय. तिथे पाय देऊ नकोस, बाळ."

पुढे राजाचे गुडघे धरले. सांड्याच्या चरबीने ते मोकळे होतील, असे कुणा वैद्याने त्याच्या डोक्यात भरवले. सांडे धरून आणायची चाकरी सुमुखाला मिळाली. जिथे पाय देऊ नये म्हणून शिकवले, तिथेच तो कुदळ चालवू लागला. काय म्हणावे या माणसाला! दोन वर्षांत सगळा माळ सुना झाला.

"माझीच विद्या त्यांच्या जिवावर उठली गं," असे पत्नी नंदेला सांगून बोधिसत्त्व ढसाढसा रडे. आता त्यांच्या बागेतल्या बाभळीखाली एकच सांडा उरला होता.

एका संध्याकाळी सुमुख तिथेही आला. बोधिसत्त्व बुजलेल्या तोंडावर आडवा झाला.

सुमुख म्हणाला, "आचार्य, इथे सांडा नाही, एवढं म्हणा. मी आल्या पावली परत जातो."

"खोटं कसं बोलू रे? आत आहे तो. भ्यायलाय."

"मग उठा की! रिकाम्या हाताने गेलो तर माझी चाकरी जाईल."

बोधिसत्त्व उठला नाही. म्हातारा ऐन वेळी सरकेल, असे वाटून सुमुखाने कुदळ हाणली. म्हातारा सरकला नाही. घाव छातीत बसला.

नंदा धावत आली. तिच्या मांडीवर डोके टेकून बोधिसत्त्व एवढेच म्हणाला, "तेवढी वाळू झाडून टाक. याचे पाय कुणाला ओळखू यायला नकोत." आणि त्याने प्राण सोडला.

नंदेचे हात उचलेनात. सुमुखानेच रडत रडत वाळू झाडली.

सकाळी बीळ उघडे होते. सपाट वाळूवर शेपटीची बारीक रेघ बाभळीच्या गळलेल्या फुलांपर्यंत गेली होती. सुमुखाने ती पाहिली, हाताने पुसली आणि कुणाला सांगितले नाही.

ही कथा सांगून तथागत म्हणाले, "तेव्हाची नंदा म्हणजे आजची राहुलमाता. माग काढणारा मीच होतो. आणि सुमुख म्हणजे मागे बसून डोळे पुसणारा हा भिक्खू वत्सक. वत्सका, जवळ ये. त्या सकाळी तू ती रेघ पुसलीस, त्या पुसण्याचेच नाव करुणा."