दहा घरांत डबा

आमच्या बाजारगावात एक भोळा घाणेवाला होता. नाव लहानू. वय चाळीस, मिशा भरघोस. सांगितलेलं काम सांगितलं तेवढंच करायचं, हा त्याचा एकुलता एक गुण. इराप्पाशेठच्या लाकडी तेलघाण्यावर तो बैलाला झापड बांधायचा, गोल फिरवायचा, झापड सोडायचा आणि पेंड घालायचा. वीस वर्षांत त्यात चूक नाही. बैल समाधानी होता.

इराप्पाशेठ मात्र नव्हते. ते पुण्याला एका प्रदर्शनात गेले आणि डोळ्यांवर बांधायचं एक यंत्र घेऊन आले. व्हीआर हेडसेट म्हणतात त्याला. घातलं की बसल्या जागी समुद्र दिसतो, वाघ दिसतो, मान वळवली तर वाघाची शेपूटही दिसते. गावानं त्याचं नाव ठेवलं डबा.

"दोन-चार वर्षांत मोबाइलसारखा होतो की नाही बघा," शेठ मला म्हणाले. माझं भांड्यांचं दुकान त्यांच्या समोरच.

मी म्हटलं, "शेठ, लोक चष्मासुद्धा नाइलाजानं लावतात. हे अर्ध्या किलोचं ओझं नाकावर कोण घेणार? आणि घेतलं, तर शेजारी बसलेल्या बायकोशी बोलणार कोण?"

"म्हणूनच घेतील," शेठ म्हणाले.

मला आमच्या दुकानातला कुकर आठवला. कुकर नवा होता तेव्हा मीच वडिलांना म्हटलं होतं, हा शिट्टी मारणारा टोप कोण घेणार? पहिल्या वर्षी एकच खपला. तोही परत आला. शिट्टी झाली की त्या घरची म्हैस दावं तोडायची. आज कुकरवाचून चूल पेटत नाही. तेव्हा कुठली वस्तू चालेल नि कुठली नाही, हे दुकानदारानं छातीठोकपणे सांगू नये.

तर शेठचं सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. कंपनीचा माणूस येऊन बघणार, गावात डबा रुजतोय का. रुजला तर तालुक्याची एजन्सी शेठना, नाहीतर शेजारच्या तालुक्याला. शेठनी त्या भरवशावर अर्धा घाणा बंद करून भिंतींना निळा रंग दिला होता. आता डबा दाखवायला माणूस हवा. लहानू मोकळाच होता.

"शेठ, हे काय?" लहानूनं विचारलं.

"झापड समज. बैलाला बांधतोस तशी माणसाला बांधायची."

"बरं शेठ."

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आले सदानंद मास्तर. सेवानिवृत्त, वजनदार माणूस. लहानूनं त्यांना डबा बांधला. मग कमरेला उपरणं बांधलं, "हुर्रर्र" केलं आणि खांबाभोवती चालवलं. मास्तरांना आत समुद्रकिनारा दिसत होता. त्यांना वाटलं, फिरायला आलोय. पंधरा फेऱ्या झाल्या. लहानूनं डबा सोडला, पाठीवर थाप मारली आणि पुढ्यात पेंडीचं घमेलं ठेवलं.

मास्तरांनी घमेल्याकडे पाहिलं. "इराप्पा, हे काय?"

"शेंगदाण्याची आहे," लहानू म्हणाला. "आजचीच."

मास्तर गेल्यावर शेठनी कपाळाला हात लावला. "अरे, माणसाला फिरवतात का? खुर्चीत बसवायचं, खांदे दाबून धरायचे आणि सांगायचं, घाबरू नका, यातलं काही खरं नाही."

"बरं शेठ. आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी शेठनी त्याला तेलाचा डबा घेऊन विलासरावांकडे पाठवलं. तिथं मुलगी बघायला पाहुणे आलेले. पोह्यांच्या बश्या फिरत होत्या. विलासराव सांगत होते, "मुलगी स्वयंपाकात तरबेज, स्वभावानं गरीब, उलटून बोलणं माहीत नाही." नवरा मुलगा घामाघूम झाला होता. पाणी प्यायला म्हणून तो उठला. लहानूनं तेल खाली ठेवलं, मुलाला परत खुर्चीत दाबलं, खांदे धरले आणि म्हणाला, "घाबरू नका. यातलं काही खरं नाही."

पाहुण्यांनी बश्या खाली ठेवल्या. विलासरावांनी काठी उचलली.

"अरे गाढवा," शेठ म्हणाले, "चारचौघांत खऱ्याखोट्याचं काढतात का? माणूस उठून चालला की हसून विचारायचं, कसं वाटलं? पुढच्या वेळी घरच्यांनाही घेऊन या."

"बरं शेठ. आता तसंच करतो."

त्याच आठवड्यात शिदू गवंड्याचे वडील गेले. शहाण्णव वर्षांचे होते, गावानं वाजतगाजत पोचवलं. सगळं उरकलं, मंडळी स्मशानातून निघाली. शिदू पंचानं डोळे पुसत फाटकाशी आला. तिथं लहानू उभा. हसून म्हणाला, "कसं वाटलं शिदूअण्णा? पुढच्या वेळी घरच्यांनाही घेऊन या."

शिदूला चौघांनी धरून ठेवलं म्हणून लहानू घरी आला.

शेठना ओरडायचंही त्राण राहिलं नव्हतं. "लहानू, माझ्या बाबा. बायामाणसं रडोत, ओरडोत, कोणी काही विचारो, आपण तोंड उघडायचं नाही. हात जोडून उभं राहायचं. सगळं झालं की मुकाट निघून यायचं."

"बरं शेठ. आता तसंच करतो."

शेवटी कंपनीचे मोडकसाहेब आले. तिशीचे, गोड बोलणारे. येताना दहा डबे घेऊन आले, शेठचा धरून अकरा. घाण्यासमोर अकरा खुर्च्या मांडल्या. दहा खुर्च्यांवर गावातली दहा वजनदार माणसं. सदानंद मास्तरही आले, पेंड कुठं दिसत नाही ना हे बघून. लोकांची भीड मोडावी म्हणून अकराव्या खुर्चीवर मोडकसाहेब स्वतः बसले.

"तासाभराचा हिमालय आहे," ते म्हणाले. "कानावरही बोंडं असतात, बाहेरचं काही ऐकू येत नाही. मधे चालावंसं वाटलं तर चाला. आणि शेठ, मला बाकी काही नको. या गावात दहा घरांत डबा गेला पाहिजे. गेला की कागद माझ्या खिशात आहे, इथंच सही करतो."

शेठनी लहानूचा दंड धरला. "ऐकलंस ना? दहा घरं. माझी लाज तुझ्या हातात आहे. मी सगळ्यांना उसाचा रस घेऊन येतो."

"बरं शेठ."

रसवंती गावाबाहेर. त्यात चरक अडकला. शेठना यायला वेळ लागला.

इकडे मी गल्ल्यावरून बघतोय तर अकराच्या अकरा माणसं डबे बांधून उठली. एकाचे हात दुसऱ्याच्या खांद्यावर, आगगाडीसारखी रांग, आणि पुढं लहानू. मला वाटलं, खेळातच असेल तसं. मी गिऱ्हाइकाला पातेली दाखवत राहिलो.

लहानू पहिल्या उघड्या दारात शिरला आणि मास्तरांना आत सोडलं. ते तांबोळणीचं स्वयंपाकघर होतं. ती पोळ्या लाटत होती. "कोण रे मेल्या तू?" म्हणून तिनं लाटणं घातलं. लहानू उंबऱ्यात हात जोडून उभा, तोंड मिटून. मास्तर म्हणत होते, "वा, गारा काय हुबेहूब लागतायत."

पुढच्या घरात कापडवाले दगडूशेठ. तिथं बाईनं धुण्याची बादली त्यांच्या अंगावर ओतली. दगडूशेठनी हात जोडले आणि "हर गंगे" म्हणाले.

असं करत लहानू दोन आळ्या फिरला.

शेठ अकरा ग्लासांचं तबक घेऊन आले. खुर्च्या रिकाम्या. लहानू झाडलोट करत होता.

"माणसं कुठायत रे?"

"घरात, शेठ."

"कुणाच्या घरात?"

"ज्यांची दारं उघडी होती त्यांच्या."

शेठनी तबक खुर्चीवर ठेवलं. तेवढ्यात आळीतून एकेक जण यायला लागला. कोणी भिजलेला, कोणाच्या डोक्याला पीठ, मास्तरांच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. शेठनी डोळे मिटून घेतले.

"इराप्पा," मास्तर म्हणाले, "मला एक ठेव. नातवाला दाखवायचाय. काय अनुभव आहे."

"मला दोन," दगडूशेठ धोतर पिळत म्हणाले. "काशीला न जाता आंघोळ झाली."

दहाच्या दहा जणांनी डबा मागितला. मी दुकान सोडून बघायला आलो होतो. म्हटलं, कुकरच्या वेळी चुकलो तसा आजही चुकलो. शेठचे डोळे भरून आले. त्यांनी लहानूला मिठी मारली.

"वाघा, जिंकलास. आता साहेबांना बोलाव. सही होऊन जाऊ दे."

"साहेब?" लहानू म्हणाला. "शेठ, घरं दहा सांगितली होती. नग अकरा निघाले. जास्तीचा माल त्याच दिवशी परत पाठवायचा, ही आपल्या घाण्याची रीत. आपला शेंगदाणा येतो त्या दीडच्या विजापूर गाडीत बसवून दिलं."

"अरे, ते पुण्याचे."

"ते नको म्हणाले नाहीत, शेठ. खिडकीजवळ बसले, एक धक्का खाल्ला आणि खूश झाले. म्हणाले, हिमालयात एस.टी. कधी टाकली आपल्या लोकांनी? बरं केलं."