खाडीच्या तोंडावरचे दोन दिवे

फार पूर्वी, दूरदेशीची गलबते जेव्हा खाडीतून थेट शहराच्या वेशीपर्यंत येत, तेव्हा एका बंदरात एक रीत होती. घरातला माणूस समुद्रावर गेला की गच्चीवर दिवा लावायचा. परतल्यावर त्याने तो स्वतःच्या हाताने विझवायचा. दुसऱ्या कुणी विझवायचा नाही.

एका बाईचा नवरा वादळात सापडला आणि परतलाच नाही. तिचा दिवा मात्र तेवत राहिला. त्याला दुरून दिसावा म्हणून ती वाती वाढवत गेली, दिवा उंच चढवत गेली. शेजाऱ्यांना ते दिसत होते. पण तिला काय सांगावे, हे कुणालाच समजेना.

तिचा धाकटा दीर तांडेल होता, होडी हाकणारा. बरेच महिने बाहेर राहून एका संध्याकाळी तो उतारू घेऊन परत येत होता. खाडीच्या तोंडाशी खडक होते. बुरुजावरचा मोठा दिवा नाकासमोर धरला की होडी खडक चुकवून आत येई. त्या संध्याकाळी त्याला मोठे दिवे दोन दिसले.

त्याने होडी डावीकडे घातली, तर खाली दगड खरवडला. उजवीकडे वळवली, तर पुढे फेस दिसला.

“तांडेल, तुमच्या गावाला बुरूज किती?” उतारूंतल्या एका म्हातारीने विचारले.

“एकच, आजी.”

“मग दिवे दोन कसे? की गावच दुसरं?”

“मलाही तेच कळत नाहीये. देवाचं नाव घ्या.”

“ते मघापासून घेतेच आहे. तुम्ही सुकाणू धरा!”

तेवढ्यात एक दिवा विझला. उरलेला त्याने नाकासमोर धरला आणि होडी धक्क्याला लागली.

त्याने वर पाहिले. अंधार पडला होता तो त्याच्याच घराच्या गच्चीवर. विझला होता तो भावाचा दिवा. म्हणजे दादा परतला!

तो पळत सुटला. दगडी कमान, अत्तरवाल्यांची गल्ली, जुनी वखार. लोक दारांत उभे राहून त्याच गच्चीकडे पाहत होते, आणि कुणीच हसत नव्हते. असे का, हे त्याला उमगेना.

वहिनी दारात होती.

“वहिनी, दादा कुठंय?”

“आले नाहीत.”

“मग दिवा?”

“मी विझवला, भावोजी.”

“तुम्ही? अहो, पण रीत...”

“गच्चीवरून एक होडी दिसली. सारखी खडकाकडे वळत होती. कुणाची ते कळत नव्हतं. कुणाची तरी होतीच ना.”

ती त्याला गच्चीवर घेऊन गेली. विझलेल्या दिव्यामागे एक पणती मिणमिणत होती. तेल तळाला गेले होते.

“ही तुमची. इतके दिवस हिच्याकडे धड पाहिलंच नाही मी. विझवा.”

त्याने हळूच फुंकर मारली.

तेव्हापासून त्या बंदरात घरचे दिवे घराच्या आत, भिंतीतल्या देवळीत लावू लागले. बाहेर एकच दिवा राहिला, बुरुजावरचा.

गेलेल्यासाठी लावलेल्या दिव्याने येणाऱ्याची वाट चुकवू नये.