डोंगर पाडायला निघालेला राजा

फार पूर्वी, राक्षस पोटभर जेवणावर कामाला मिळायचे, त्या काळची ही गोष्ट. सपाटपूरच्या दर्पसेन राजाच्या मनात घारकडा किल्ला भरला. उंच कड्यावरचा हा किल्ला म्हाळसाक्का नावाची एक किल्लेदारीण सांभाळायची.

राजाने निरोप धाडला, "किल्ला द्या."

अक्कांनी उलट निरोप दिला, "या आणि घ्या."

राजा मोठं सैन्य घेऊन निघाला. पण वर जायला एकच पाऊलवाट, आणि तीही अशी की शेळीसुद्धा विचार करून पाय टाकी. हत्ती पायथ्याशीच बसले. दार फोडायचा ओंडका पहिल्याच वळणावर अडकला. मग राजाने एक राक्षस कामाला ठेवला. त्याने ओंडका काखेत मारला, वर नेला आणि म्हणाला, "भूक लागली. आधी जेवण, मग दार."

तिथून खरी पंचाईत सुरू झाली. राक्षसाला जेवू घालायचं तर तांदूळ, लाकडं, पाणी सगळं खालून डोक्यावर आणावं लागे. भालेकरी भात शिजवू लागले, तिरंदाज पाणी भरू लागले. लढायला कोणी उरेना. अक्का तटावरून विचारायच्या, "आज काय केलंय रे?" सैनिक खालून सांगायचे, "आमटी-भात. पण आम्हाला उरत नाही."

शेवटी सेनापती म्हणाला, "महाराज, वेढा आपण घातलाय आणि उपाशीही आपणच मरतोय. परत जाऊ."

अक्काही वरून म्हणाल्या, "राजा, सुखाने घरी जा. पाठीमागून एकही बाण येणार नाही."

राजाला हा अपमान वाटला. तो राक्षसाला म्हणाला, "दाराचं राहू दे. डोंगरच पाड."

राक्षसाने डोकं खाजवलं. "महाराज, आपणही याच डोंगरावर उभे आहोत."

"तुला विचार करायला ठेवलेलं नाही," राजा म्हणाला आणि तंबूत जाऊन बसला.

सेनापतीने मात्र राक्षसाचं ते बोलणं ऐकलं. त्याने सैनिकांना हळूच बाजूच्या खडकावर नेलं. राजालाही बोलावलं, पण तो हलला नाही.

राक्षसाने ओंडक्याचा दणका दिला. किल्ला होता कातळावर. तटावर वाळत घातलेल्या मिरच्या तेवढ्या सांडल्या. राजाचा तंबू होता भुसभुशीत उतारावर. तो उतार राजा, तंबू आणि भाताच्या पातेल्यासकट घसरत निघाला, तो थेट पायथ्याच्या चिखलात थांबला.

सैनिक धावत खाली आले. राजा कमरेपर्यंत रुतला होता, मिशांना शितं चिकटली होती. त्याने सगळ्यांकडे पाहिलं. कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

"तुम्ही कसे वाचलात?" त्याने विचारलं.

सेनापती खाली मान घालून म्हणाला, "आम्ही राक्षसाचं ऐकलं, महाराज."

राजाने वर काढायला हात तेवढा पुढे केला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या पायाखालची जमीन हलवण्याआधी आपले पाय कुठे आहेत ते पाहावं, आणि ते कुणी दाखवून दिलं, तर दाखवणारा राक्षस असला तरी ऐकावं.