कातळावरची पकड

मुलांनो, एका डोंगरउतारावर करवंदीच्या जाळीखाली खवले मांजराची एक मादी आपल्या पिल्लासह राहत असे. ही आई फार भित्री. पान सळसळले तरी पिल्लाला पोटाशी घेऊन अंगाचा गोळा करायची. तिच्या कठीण खवल्यांपुढे तरसाचे दातही हरले होते. त्यामुळे संकट कोणतेही असो, तिचा उपाय एकच.

एकदा दिवस मावळताना ती पिल्लाला पाठीवर घेऊन मुंग्या शोधत एका कातळावर आली. पाणी वाहून वाहून तो कातळ गुळगुळीत झाला होता आणि थेट दरीकडे उतरत होता. एवढ्यात मागे गुरगुर ऐकू आली. बिबट्या! आईने पिल्लाला कवेत घेऊन झटकन अंगाचा गोळा केला. बिबट्याने पंजा मारला. खवले उघडले नाहीत, पण गोळा गडगडू लागला.

"आई, आपण कुठे चाललोय?" आतल्या अंधारात पिल्लू रडू लागले.

"गप्प राहा. घट्ट धर मला," आई म्हणाली. दरीतला वारा जवळ जवळ येत होता. उघडावे तर बिबट्या, न उघडावे तर दरी!

अखेर तिने जिवावर उदार होऊन अंग उलगडले आणि नखे दगडाला लावली. पण नखे नुसतीच खरखरली. "लागत नाहीत रे नखं!" ती किंचाळली. तेवढ्यात बाजूला मुरमाचा खरबरीत पट्टा दिसला. शेपटी रेटून ती तिकडे वळली. नखे तीच, खवले तेच. पण मुरमाने त्यांना अडवले आणि घसरण थांबली. शेपटीचे टोक कड्याबाहेर लोंबत होते.

बिबट्याने तिच्यामागे पाऊल टाकले, तसा त्याचाही पाय सटकला. कसाबसा तोल सावरून तो मागे फिरला.

"आई, पुन्हा गोळा होऊ या?" पिल्लाने हळूच विचारले.

"इथे नको, बाळा," आई म्हणाली, "इथे नखं रोवूनच चालायचं." आणि मुरमात एकेक पाऊल रोवत ती वर चढू लागली.

तात्पर्य : घर्षण किती होईल हे एकमेकांना टेकलेले दोन्ही पृष्ठभाग मिळून ठरवतात, त्यातला एक बदलला की घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकडीचे मापही बदलते. म्हणून घाबरून सवयीचा उपाय करण्याआधी पायाखालची जमीन पाहावी.