कार्तिकातली पाहणी

सगळा दोष दौलू ससाण्याचा होता, पवनचक्कीचा नव्हे.

फार पूर्वी शेजारच्या डोंगरावरच्या पवनचक्कीने कड्यावरच्या ससाण्यांना विचारलं, “माझ्या बहिणीला तुमच्याकडे जागा द्याल?” दौलू पंच. तो पाहणीला गेला, तोही कार्तिकात, वारा पडलेला असताना. पात्यावर ऐसपैस बसून आला आणि म्हणाला, “गरीब आहे बिचारी. हलतसुद्धा नाही. येऊ द्या बहिणीला.”

त्याची पुतणी झिपरी उसळली. “काका, वाऱ्यावर फिरणारी चक्की बिनवाऱ्याची बघून आलात? ज्येष्ठात जाऊन बसा की तिच्यावर! आपली पिल्लं या कड्यावरच उडायला शिकतात.”

“उडायची शाळा अर्ध्यात सोडलेली तू, मला शिकवतेस?”

“शाळेत तुमच्यापुढं मान डोलवायलाच शिकवत होते. ते मला जमलं नाही.”

बाकीच्या म्हाताऱ्यांनी मुकाट माना डोलावल्या. बहीण त्यांच्या कड्यावर येऊन उभी राहिली. झिपरीने पंचाला न विचारता जमतील तेवढी पिल्लं घेऊन पलीकडचा कडा गाठला.

ज्येष्ठात वारा सुटला, पाती गरगरू लागली. काही धोका नाही हे सगळ्यांना दाखवायला म्हणून दौलूने आपल्या नातवाला जुन्याच कड्यावरून पहिली झेप घ्यायला लावली. पात्याने त्याला हवेतच मारलं.

दौलूला तेवढा एकच नातू होता.