आरवण्यात कंबर का चाचपतात

आरवणे गावात देवीच्या राईशी आलेला माणूस गडग्याच्या अलीकडे थांबतो आणि दोन्ही हातांनी आपली कंबर चाचपतो. गडगा म्हणजे नुसते दगडावर दगड रचून केलेला छातीएवढा बांध. त्याच्या आत राई आहे, इतकी दाट की दुपारीही आतलं काही दिसत नाही. गावातल्या बायका चाचपतात, शाळेच्या सहलीतली मुलं चाचपतात, ज्यांच्या पट्ट्याला मोबाइलखेरीज काही नसतं असे पाहुणेही चाचपतात. म्हातारे दत्ताराम गुरव त्यांना तसं करायला लावतात आणि मगच, गडग्याला पाठ टेकून, सांगायला बसतात.

मधल्या काळात इथं राई उरली नव्हती, असे सांगतात. थोर झाडं गलबतांसाठी बंदरावर गेली, उरलेली कोळशाच्या भट्ट्यांत गेली. डोंगर बोडका झाला आणि राईतून गावात उतरणारा झरा आटला. आरवण्याच्या बायका पलीकडच्या गावच्या नदीवर जायच्या आणि तिथल्या बायकांची बोलणी खाऊन हंडे भरून आणायच्या. तेव्हा राई पुन्हा उभी करू का, असा भानू गावकरानं देवीला कौल लावला. कौल मिळाला. गावानं उतारावर आडवे चर खणले, रोपं लावली, तिथं गुरं सोडणं बंद केलं. आणि भानूनं देवीच्या पाषाणावर हात ठेवून सगळ्यांच्या वतीनं शब्द दिला, की राईत लोखंड जाणार नाही. जो नेईल तो राखणदाराचा, म्हणजे राई राखणारं जे डोळ्यांना दिसत नाही त्याचा. त्याच्या मागे कोणी जायचं नाही, मग तो कोणाचाही असो.

हे शेवटचं कोणी मागितलं नव्हतं, म्हणे. भानूनं ते आपणहून घातलं. त्याचा मुलगा लखू तेव्हा रांगत होता.

लखू मोठा झाला, झाडं त्याच्याहून मोठी झाली. झरा मात्र आला नव्हता. त्या वर्षी फाल्गुनात गडग्याचं काम संपत आलं होतं आणि घरटी एक माणूस वर गेला होता. भानूचा गुडघा धरला होता, म्हणून तो अंगणात सुपारी सोलत बसला होता. त्याची बायको सगुणा कुळीथ पाखडत होती. अशात पुतण्या बाबल्या पाणंदीनं खाली आला. तो पळत नव्हता, चालत होता, त्यामुळे भानूला काही वाटलं नाही.

"एवढ्यात भूक लागली?" सगुणा म्हणाली. "गडगा रचताय की दगडांशी गप्पा मारताय?"

बाबल्या हसला नाही. "काका, सगळ्यांचे कोयते फणसाखाली काढून ठेवलेत. लखूचा तिथं नाही."

"मग लखूला विचार की."

"लखू आत गेलाय."

इथला माणूस कोयता पाठीमागे कमरेला, लाकडी आकडीत अडकवतो. सकाळी अडकवला की दिवसभर तो तिथंच असतो. त्याच्यासकट माणूस ओझी उचलतो, उकिडवा बसून भाकरी खातो, आणि कोयता आहे हे त्याच्या ध्यानातही राहत नाही. लखू गडग्याच्या शेवटच्या खिंडाराशी दगड लावत होता. एकदम हात थांबवून म्हणाला, आत पाणी वाजतंय, झऱ्याचं तोंड बुजलंय, मोकळं करून येतो. पाण्याचं नाव ऐकून सगळे इतके हरखले की त्याच्या पाठीकडे कोणी पाहिलं नाही.

भानू आणि सगुणा वर पोचले तेव्हा गाव खिंडाराबाहेर उभं होतं. राईत पाखरू बोलत नव्हतं. देवीची पूजा करणारा रवळू गुरव कपाळाला हात लावून बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

मग आतून हाक आली. "बाबा, दगड सरकलाय. पाय अडकलाय माझा."

सगुणा पुढे झाली.

"थांब गे वैनी," रवळू म्हणाला. "राखणदार ओळखीचा आवाज काढतो."

"माझ्या पोराचा आवाज मला कळत नाही होय रे?"

"हुबेहूब काढतो. म्हणून तर माणसं जातात."

भानूनं तिचं मनगट धरलं.

"सोडा."

"शब्द दिलाय गे मी."

"तुम्ही दिलाय. मला कोणी विचारलं होतं?"

त्यानं सोडलं नाही. त्यानं गावाकडे पाहिलं. सगळे जमिनीकडे पाहत होते. आपण गेलो तर कोणी अडवणार नाही आणि कोणी बरोबरही येणार नाही, हे त्याला कळलं. आत लखू नसावा, ते दुसरंच काही असावं, असं त्या घटकेला त्याला मनापासून वाटलं, म्हणे. बापाला असं वाटावं याचीच त्याला धडकी भरली.

"बाबा, पाणी वाढतंय."

भानूनं मनगट सोडलं. सगुणेला मागे सारून त्यानं खिंडारात पाय घातला. दगडावरून तोल जाऊ नये म्हणून एक हात पाठीमागे कमरेवर गेला, आणि हाताला लोखंड लागलं. घरून उठला तो कोयत्यासकटच आला होता.

लखू कसा गेला, ते त्याला तिथं कळलं; असाच, ध्यानात न राहून. हाक पोराचीच आहे, तेही कळलं. पण भीती आता त्याच्या स्वतःच्या कमरेला होती. त्याचा पाय मागे आला. तो आकडीतून कोयता काढायला लागला, पण कोयता निघेना. तिसरी हाक आली तिच्यात शब्द नव्हते. त्यानंतर पाणी आलं. लाल, गढूळ, पाचोळ्यानं भरलेलं. ते गडग्याखालून निघालं आणि उभ्या माणसांच्या पायांवरून गावाकडे उतरलं. कोणीतरी हात जोडले. मग सगळ्यांनी जोडले. सगुणेनं जोडले नाहीत.

ती मरेपर्यंत पलीकडच्या नदीचंच पाणी आणत राहिली, असे सांगतात. भानूनं कोयता पुन्हा बांधला नाही. तरी राईशी आला की त्याचे हात कमरेकडे जायचे. ते पाहून बाकीचेही चाचपायला लागले.

आजही आरवण्याचा झरा वैशाखातसुद्धा वाहतो. दर फाल्गुनात गाव गडग्याचे निसटलेले दगड बसवतं, बाहेरच्या चरांतली माती उपसतं, आणि राईतली वाळकी काडीसुद्धा कोणी चुलीला आणत नाही. तो राखणदार होता की पोराचा पाय खरंच अडकला होता, असं पाहुणे दत्ताराम गुरवांना विचारतात. ते उठतात, धोतर झटकतात आणि पाहुण्यांना ओंजळभर पाणी प्यायला लावतात.

लखूला शोधायला अजून कोणी आत गेलेलं नाही.